आफ्रिकानर आणि त्यांचे संस्कृतिसंघ

दक्षिण आफ्रिकेचा इतिहास आपण भारतीयांनी बहुधा एकाच बाजूने वाचलेला आहे. गांधीजींची तेथील एकवीस वर्षे आपल्याला ठाऊक असतात. १९१२ साली नामदार गोखले तिकडे गेले आणि तीन पौंडांच्या जुलमी कराविषयी प्रिटोरियात बोथा व स्मट्स ह्यांच्याशी बोलले, हेही आपल्याला आठवते. १९४६ साली भारताने आपल्या बांधवांची तक्रार संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडली, त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. ह्या प्रसंगांत पलीकडच्या बाजूला जो माणूस बसलेला आहे त्याचा चेहरा मात्र आपल्याला अंधूकच दिसतो. बोथा आणि स्मट्स हे दोघेही बोअर सेनापती होते. दहाच वर्षांपूर्वी इंग्रजांशी लढून हरलेल्या एका छोट्या समाजाचे ते पुढारी. हरलेला हा समाज पुढे राज्यकर्ता कसा झाला, आणि राज्यकर्ता झाल्यावर त्याने इतरांचे जे केले ते का केले, ह्याचा शोध घेऊ लागले की रणांगणापेक्षा वाचनालये, गायनमंडळे, महिलामंडळे आणि भाषासंघ ह्यांच्या दप्तरांतच अधिक उत्तरे सापडतात. त्या संस्थांविषयी आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

आफ्रिकानर म्हणजे मुख्यतः डच, आणि त्यांच्या जोडीला जर्मन व फ्रेंच, अशा वसाहतवाल्यांचे वंशज. १६५२ साली यान व्हान रीबेक ह्याने डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने केप येथे ठाणे वसवले, तेव्हापासूनची ही वस्ती. त्यांची भाषा आफ्रिकान्स. ती डच भाषेपासून निघाली खरी, परंतु ती केवळ डच माणसांनी घडवलेली नाही. केपमध्ये कंपनीने जे गुलाम आणले ते जावा-सुमात्रा, मादागास्कर, तसेच आपल्या बंगाल, मलबार व कोरोमांडलच्या किनाऱ्यांवरून आणले. मूळचे खोइखोइ लोक तेथे होतेच. मालकाची डच, गुलामांची मलायी आणि पोर्तुगीज वळणाची बोली, ह्या सर्वांच्या घुसळणीतून ही भाषा वर आली. 'पुष्कळ' ह्या अर्थी तीत जो रोजचा शब्द आहे तो मलायी आहे. केळ्याचे नावही मलायी. लोणच्याला आफ्रिकान्समध्ये 'अचार' म्हणतात. कैदखान्याला 'ट्राँक' म्हणतात, तो पोर्तुगीज 'त्रोंको'चा अवशेष. आपला 'तुरुंग' त्याच पोर्तुगीज शब्दापासून आला असे कोशकार सांगतात. दोन दूरच्या भाषांना एकाच दर्यावर्दी लोकांनी तुरुंगाचे नाव शिकवून जावे, हाही इतिहासाचा एक विनोदच म्हणायचा.

ह्या मिश्र जन्माचे सर्वांत जुने पुरावे गोऱ्या घरांतही नाहीत. केपच्या मुसलमान वस्तीत मदरशांतली मुले आफ्रिकान्स भाषा अरबी लिपीत लिहीत. तुर्की सुलतानाने पाठवलेले अबू बक्र एफेंदी हे धर्मपंडित १८६३ साली केपला पोहोचले. इस्लामी आचारधर्मावरचा त्यांचा ग्रंथ १८७७ साली इस्तंबूलमध्ये छापला गेला, तो अरबी लिपीतल्या आफ्रिकान्समध्ये. हे लक्षात ठेवावयास हवे, कारण पुढे शंभर वर्षे ह्याचा जणू विसरच पाडण्यात आला.

इंग्रजांनी १८०६ साली केप कायमचे घेतले आणि १८२२ पासून सरकारदरबारी हळूहळू इंग्रजी एकटीच प्रतिष्ठित झाली. सुशिक्षित घरांत ग्रंथांची भाषा डच होती. आफ्रिकान्सला सारे 'स्वयंपाकघरातली बोली' म्हणत. संस्कृतापुढे प्राकृताला जे ऐकून घ्यावे लागले ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या हिणवण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ह्या बोलीसाठी पहिली संस्था निघाली ती १४ ऑगस्ट १८७५ रोजी, केपजवळच्या पार्ल गावात, गिडियन मलेर्बे ह्यांच्या घरी. तिचे नाव 'खऱ्या आफ्रिकानरांचे मंडळ'. पुढारी होते एस. जे. दु टॉइट हे धर्मोपदेशक. त्यांच्यामागे आर्नोल्डस पानेविस नावाच्या डच शिक्षकाची प्रेरणा होती. पानेविस ह्यांची इच्छा अशी होती की ज्या गरीब मिश्रवंशीय लोकांना डच बायबल कळत नाही त्यांच्यासाठी ते ह्या बोलीत उतरावे. मंडळाने १८७६ पासून 'पेट्रिअट' हे पत्र चालवले, व्याकरण छापले, देशाचा इतिहास छापला. परंतु संस्थेच्या नावातल्या 'खऱ्या' ह्या विशेषणाकडे पाहावे. मिश्रवंशीयांच्या निमित्ताने जी कल्पना सुचली तिच्यावर उभ्या राहिलेल्या मंडळात मिश्रवंशीयांना जागा नव्हती. 'खरे' कोण हे ठरवणारे मंडळ एकदा स्थापन झाले की 'खोटे' कोण हेही आपोआप ठरत जाते.

तथापि पार्लचे मंडळ लहान होते आणि काही वर्षांनी विरूनही गेले. आफ्रिकानर समाज खरोखर एकवटला तो १८९९ ते १९०२ च्या युद्धाने. ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही दोन बोअर प्रजासत्ताके इंग्रजांनी जिंकली. रानोमाळ लढणाऱ्या बोअरांना नमवण्यासाठी त्यांची शेते जाळली आणि बायकामुले छावण्यांत कोंडली. त्या छावण्यांत सव्वीस हजारांहून अधिक बोअर बायकामुले रोगराईने मेली. वेगळ्या छावण्यांत कोंडलेल्या काळ्या लोकांपैकीही निदान चौदा हजार मेले, पण त्यांची मोजदाद करण्याची निकड कोणालाच, बोअरांनाही, पुष्कळ वर्षे वाटली नाही. गांधीजींनी ह्या बोअर स्त्रियांच्या सोसण्याविषयी आदराने लिहिले आहे. युद्धानंतर गव्हर्नर मिल्नर ह्यांनी शाळांतून इंग्रजीचा आग्रह धरला. मातृभाषेत बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात 'मी गाढव आहे' अशी पाटी अडकवीत, ही आठवण पुढे पिढ्यान्‌पिढ्या घरोघर सांगितली गेली.

ह्या राखेतून ज्या संस्था उठल्या त्यांत पहिल्या बायकांच्या होत्या, ही गोष्ट मला विशेष वाटते. १९०४ साली केपमध्ये आफ्रिकानर ख्रिस्ती महिला संघटना निघाली, आणि त्याच वर्षी ट्रान्सवालमध्ये दुसरी. अनाथालये, सुइणी, वसतिगृहे, गरिबांना धान्य, हे त्यांचे काम. भाषणे त्यांनी फारशी केली नाहीत. पुढे १९०९ साली ब्लूमफाँटेनला भाषा, साहित्य व कला ह्यांची अकादमी स्थापन झाली. १९१४ मध्ये लांगेनहोव्हन ह्या लेखकाने केपच्या प्रांतिक सभेत पुढाकार घेतल्यावर आफ्रिकान्सला शाळेत शिरकाव मिळू लागला. १९१५ मध्ये 'नासियोनाले पर्स' ही छापखान्याची कंपनी आणि 'दि बर्गर' हे दैनिक निघाले. त्याचे पहिले संपादक धर्मोपदेशक डी. एफ. मलान हे पुढे पंतप्रधान झाले. १९१८ मध्ये सान्लाम ही विमाकंपनी निघाली. १९२५ साली आफ्रिकान्स राजभाषा झाली आणि १९३३ साली बायबलचे संपूर्ण भाषांतर छापून आले. स्वयंपाकघरापासून संसदेपर्यंतचा हा प्रवास पन्नास वर्षांत पुरा झाला. भाषांच्या इतिहासात इतकी झपाट्याची चढण क्वचितच आढळेल.

पण भाषा चढली तरी बोलणारा चढला नव्हता. दुष्काळ, कर्ज आणि वाटण्यांनी तुकडे झालेल्या जमिनी ह्यांमुळे हजारो आफ्रिकानर शेतकरी जोहान्सबर्गच्या खाणींकडे, रेल्वेच्या फलाटांकडे आले. तेथे वरचा साहेब इंग्रज होता, आणि खालच्या कामाला त्याच्याहून कमी मजुरीवर काळा मजूर उभा होता. कार्नेगी संस्थेच्या चौकशी मंडळाने १९३२ साली जो अहवाल दिला त्यात सुमारे तीन लाख गोरे लोक अत्यंत दरिद्री म्हणून मोजले गेले. त्यांतले बहुतेक आफ्रिकानर होते. अशा मनःस्थितीत १९१८ साली जोहान्सबर्गमध्ये हेनिंग क्लॉपर नावाचा रेल्वेतला तरुण कारकून आणि त्याचे काही मित्र एकत्र आले आणि त्यांनी एक मंडळ काढले. त्याचेच पुढे 'आफ्रिकानर ब्रूडरबाँड', म्हणजे बंधुसंघ, असे नाव झाले. काही वर्षांतच तो गुप्त झाला. सभासद पुरुष हवा, गोरा हवा, आफ्रिकान्स बोलणारा हवा, प्रॉटेस्टंट हवा आणि त्याला इतरांनी निवडून बोलावलेले हवे. अर्ज करून प्रवेश मिळत नसे.

गुप्त संघाला उघड हात लागतो. तो १९२९ च्या डिसेंबरात ब्लूमफाँटेनच्या परिषदेत तयार झाला. त्याचे नाव 'आफ्रिकान्स संस्कृतिसंघांचा महासंघ'. मूळ शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला सारे 'फाक' म्हणतात. १९३७ पर्यंत सुमारे तीनशे संस्था त्याला जोडल्या गेल्या होत्या. वादविवाद मंडळे, चर्चच्या समित्या, विद्यार्थिसंघ, धर्मादाय मंडळे, वाचनालये, असे नाना प्रकार. त्याच वर्षी महासंघाने गीतसंग्रह छापला आणि तो घरोघरच्या पियानोवर जाऊन बसला. १९३० साली रेल्वे व बंदरखात्यातल्या नोकरांनी आपला निराळा भाषा व संस्कृति संघ काढला. अध्यक्ष पुन्हा क्लॉपरच. मुलांसाठी इंग्रजी धर्तीच्या बालवीर पथकांऐवजी 'व्होरट्रेकर' पथके निघाली. आफ्रिकानर मूल ह्या जाळ्यात जन्मे, शाळेत जाई, गाणी म्हणे, सुट्टीला संघाच्याच समुद्रकाठच्या विश्रामगृहात जाई, विमाही संघाच्या माणसांकडे उतरवी.

ह्या सर्व खटाटोपाचे शिखर म्हणजे १९३८ ची बैलगाड्यांची यात्रा. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजी अंमलाला आणि गुलामगिरीच्या उच्चाटनाला कंटाळून हजारो बोअर कुटुंबे बैलगाड्यांतून केप सोडून उत्तरेकडे निघून गेली होती. त्या महाप्रस्थानाची शताब्दी साजरी करावी, एकदोन गाड्या केपटाउनहून प्रिटोरियाला न्याव्यात, एवढाच रेल्वेच्या संघाचा साधा बेत होता. ८ ऑगस्ट १९३८ रोजी व्हान रीबेकच्या पुतळ्यापासून गाड्या निघाल्या आणि पाहता पाहता त्यांचे लोण सगळ्या देशात पसरले. गावोगाव लोक वेशीपर्यंत सामोरे आले. पुरुषांनी दाढ्या वाढवल्या, बायकांनी आजीच्या काळचे झगे आणि मोठ्या टोप्या घातल्या. गाड्यांशेजारी लग्ने लागली, अर्भकांचे नामकरण झाले. ओल्या सिमेंटवरून चाके नेऊन त्यांचे ठसे जपून ठेवले. रस्त्यांना नवी नावे दिली. म्हातारी माणसे चाकाच्या आसाचे वंगण रुमालाला पुसून घरी नेत. मुलांच्या पथकांनी केपपासून मशाली हातोहात नेल्या. १६ डिसेंबरला, ज्या दिवशी १८३८ साली 'रक्तनदी'च्या काठी बोअरांनी झुलू सैन्याला हरवले होते त्या दिवशी, प्रिटोरियाच्या टेकडीवर स्मारकाची कोनशिला बसली. तेथे लाखाहून अधिक माणसे जमली होती.

आपल्या पंढरीच्या वाटेची सवय असलेल्या माणसाला हे दृश्य परके वाटू नये. चालणाऱ्या माणसांच्या मागे गाव निघते, आणि गावाला आपण एक आहोत असे उमजते, त्याचे नवल आपण दर आषाढात पाहतो. परंतु तेथे गाड्यांच्या मागे जे निघाले ते सारे गोरे होते. ज्या मिश्रवंशीयांच्या पूर्वजांनी मूळ यात्रेत बैल हाकले, स्वयंपाक केला, बंदुका भरल्या, ते त्या कथेत नोकर म्हणूनच उरले.

भावना उसळली असतानाच तिला कामाला जुंपण्याचे कौशल्य ह्या मंडळींपाशी होते. वृद्ध धर्मोपदेशक केस्टेल ह्यांनी त्याच वेळी म्हटले की ह्या समाजाचा उद्धार दुसरा कोणी करणार नाही, त्याने स्वतःच केला पाहिजे. १९३९ च्या ऑक्टोबरात महासंघाने ब्लूमफाँटेनला आर्थिक परिषद भरवली. खाणींच्या धंद्यात तेव्हा आफ्रिकानरांचा वाटा जेमतेम एक टक्का होता. गरिबांच्या शिल्लक पैशातून भांडवल उभारायचे, त्या भांडवलातून कारखाने काढायचे आणि कारखान्यांत आपली माणसे लावायची, असा मार्ग ठरला. ह्यासाठी 'उद्धारकार्य संघ' निघाला, गुंतवणुकीची कंपनी निघाली, १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फोल्क्सकास बँकेला बळ आले. गाणी, यात्रा आणि बँकेचे पासबुक ही एकाच खात्यातून चालवली गेली. सांस्कृतिक चळवळींना पैशाचे वावडे असते असा आपल्याकडे एक समज आहे. त्यांना तो शिवला नाही.

आता दुसरी बाजू. १९४४ साली ह्याच महासंघाने वंशविषयक धोरणावर परिषद भरवली. तिच्यात धर्माचा आधार सांगायला उभे राहिले ते कवी टोटियस. हे दु टॉइट ह्यांचे चिरंजीव, म्हणजे ज्यांनी पार्लमध्ये भाषेचे पहिले मंडळ काढले त्यांचे पुत्र, आणि बायबलच्या आफ्रिकान्स अनुवादाचे एक मुख्य शिल्पकार. बापाने ज्या ग्रंथाचे भाषांतर व्हावे म्हणून जन्म वेचला, मुलाने तो पूर्ण करून त्यातूनच माणसांना वेगळे ठेवण्याचा आदेश शोधून काढला. टोटियस हे खरे कवी होते, छावण्यांतल्या दुःखावर त्यांनी मनापासून लिहिले होते. दुःख भोगलेला माणूस दुसऱ्याचे दुःख ओळखतोच, हा आपला आवडता विश्वास येथे उपयोगी पडत नाही.

१९४८ साली मलान ह्यांचा नॅशनल पक्ष निवडून आला आणि 'अपार्थाइड', शब्दशः 'वेगळेपणा', हे राज्याचे धोरण झाले. १९४८ पासून १९९४ पर्यंतचे सगळे सहा सरकारप्रमुख बंधुसंघाचे सभासद होते. सरकारी नोकर म्हणून मला एक तपशील लक्षणीय वाटतो. १९४४ साली स्मट्स सरकारने नोकरशाहीतल्या माणसांना बंधुसंघाचे सभासदत्व निषिद्ध केले होते, आणि सत्तांतरानंतर ती बंदी उठली. ज्यांनी कचेरीत वर्षे काढली आहेत त्यांना तिचा अर्थ कळेल. फाइलीवर एक टिपण दिसते, आणि निर्णय मात्र काल संध्याकाळी कोणाच्या तरी दिवाणखान्यात, दार लावून, झालेला असतो. एकोणीसशे सत्तरीच्या दशकाअखेर संघाचे सुमारे बारा हजार सभासद आणि आठशे शाखा होत्या. मुख्याध्यापक, धर्मोपदेशक, प्राध्यापक, संपादक, नभोवाणीचे अधिकारी, पोलिसांचे वरिष्ठ, असे निवडक लोक. राज्य हातात आल्यावर संस्कृतिसंघांना झगडण्याजोगे काही उरले नाही. आता त्यांचे काम कुंपण राखण्याचे झाले.

ते कुंपण कोणत्या बाजूने घातले होते हे पाहिले म्हणजे सगळ्या व्यवहारातली विसंगती दिसते. केपचे मिश्रवंशीय लोक, ज्यांना तेथील कायदा 'कलर्ड' म्हणतो, त्यांतल्या बहुसंख्यांची मातृभाषा आफ्रिकान्सच. १९५६ साली त्यांना सर्वसाधारण मतदारयादीतून काढण्यात आले. १९६६ साली केपटाउनचा 'डिस्ट्रिक्ट सिक्स' हा भाग गोऱ्यांचा म्हणून जाहीर झाला आणि पुढल्या काळात साठ हजार माणसे उठवून दूर वाळूच्या माळावर टाकली गेली. भाषेच्या रक्षणासाठी उभारलेल्या राज्याने त्या भाषेच्या निम्म्या भाषकांना घराबाहेर काढले. महासंघाच्या एकाही गीतसंग्रहात त्याचे गाणे नाही.

१० ऑक्टोबर १९७५ रोजी पार्लच्या डोंगरावर भाषेचे भव्य स्मारक उघडले. पार्लच्या मंडळाला शंभर वर्षे झाली होती. त्यानंतर आठच महिन्यांनी, १६ जून १९७६ रोजी, सोवेटोची शाळकरी मुले रस्त्यावर आली. काळ्या मुलांना गणितासारखे विषय आफ्रिकान्समधूनच शिकवावेत, हा हुकूम १९७४ मध्ये निघाला होता आणि अंमलबजावणीचा हट्ट चालू होता. शिक्षणखात्याचे तेव्हाचे उपमंत्री ट्रेउर्निख्ट हे दोनच वर्षांपूर्वीपर्यंत बंधुसंघाचे अध्यक्ष होते. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी आणि पुढच्या महिन्यांत शेकडो माणसे मेली. मिल्नरने बोअर मुलांवर इंग्रजी लादली, तिच्या आठवणीवर ज्यांची राजकीय अस्मिता पोसली गेली, त्यांनीच दुसऱ्यांच्या मुलांवर आपली भाषा लादली.

कुंपणाला भगदाडे पडली तीही आतूनच. बायर्स नोडे ह्या धर्मोपदेशकांचे वडील बंधुसंघाच्या संस्थापकांपैकी होते, आणि बायर्स स्वतःही वीसहून अधिक वर्षे सभासद. १९६० साली शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसे मारली त्यानंतर त्यांनी बायबल पुन्हा उघडले, आणि त्यात वेगळेपणाचा आदेश त्यांना दिसेना. १९६३ साली त्यांनी संघ सोडला, चर्चमधले आपले पदही सोडले. समाजाने त्यांना वाळीत टाकले आणि सरकारने १९७७ ते १९८४ स्थानबद्धतेसारख्या निर्बंधांत ठेवले. साहित्यिकांची पिढी तर पूर्वीपासूनच अस्वस्थ होती. इंग्रिड यॉन्कर, अँड्रे ब्रिंक, ब्रेटेन ब्राइटेनबाख ही मंडळी अकादमीच्या पारितोषिकांच्या चाकोरीत मावेनात. ब्रिंक ह्यांची एक कादंबरी १९७४ मध्ये निषिद्ध ठरली. आफ्रिकान्स पुस्तकावर अपार्थाइड सरकारने आणलेली ती पहिली बंदी. ब्राइटेनबाख सात वर्षे तुरुंगात होते. १९७५ साली, स्मारक उभे राहिले त्याच वर्षी, लेखकांनी सर्व वर्णांच्या सभासदांना खुला असा आपला संघ काढला. भाषेचा पुढला इतिहास लिहिताना पार्लच्या स्मारकापेक्षा ह्या संघाला अधिक पाने द्यावी लागतील, असे माझे मत आहे.

बंधुसंघाविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. हवा बदलते आहे हे त्याने पक्षाच्या आधी ओळखले. १९८६ साली त्याचे अध्यक्ष पीटर द लांग हे न्यूयॉर्कमध्ये थाबो म्बेकी ह्यांना भेटले. बंदी घातलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या पुढाऱ्याशी बोलणे तेव्हा राजद्रोहाच्या जवळपास होते. त्याच सुमारास संघाने आपल्या शाखांना टिपण पाठवले की काळ्या बहुसंख्यांना सत्तेत घेतल्यावाचून आफ्रिकानरांना भवितव्य नाही. त्यापूर्वीच अध्यक्षपद सोडून गेलेले कारेल बॉशॉफ, जे फेर्वूर्टचे जावई, त्यांनी निराळा 'राष्ट्ररक्षक' संघ काढला होता. पुढे ऑरेंज नदीकाठी ओरानिया हे केवळ आफ्रिकानरांचे गाव त्यांनी वसवले. ते अजून आहे. १९९५ साली राष्ट्राध्यक्ष मंडेला फेर्वूर्टच्या वृद्ध विधवेकडे चहाला म्हणून त्याच गावी गेले. मंडेलांनी तुरुंगात असताना आफ्रिकान्सचा अभ्यास केला होता. आणि त्यांच्या अध्यक्षीय कार्यालयाचे महासंचालक होते याक्स खर्वेल, मिश्रवंशीय समाजात जन्मलेले, आफ्रिकान्स साहित्याचे प्राध्यापक.

१९९४ नंतर ह्या संस्थांचे काय झाले? बंधुसंघाने गुप्तता, वर्ण आणि लिंग ह्यांच्या अटी टाकून 'आफ्रिकानरबाँड' हे नाव घेतले आणि तो बराचसा निष्प्रभ झाला. पूर्वी दोनांपैकी एक असलेली आफ्रिकान्स तेव्हा अकरा राजभाषांपैकी एक झाली. दूरदर्शनवरचा तिचा वेळ घटला, तेव्हा १९९९ मध्ये खासगी वाहिनी निघाली आणि चालली. १९९५ पासून औट्सहोर्न गावी नाटक-संगीताचा मोठा आफ्रिकान्स उत्सव भरू लागला. राज्याने जे देणे बंद केले ते बाजाराने द्यावयास घेतले, आणि बाजार वर्ण विचारत नाही, तिकीट विचारतो. १९१५ च्या छापखान्याच्या कंपनीने २००१ मध्ये एका चिनी इंटरनेट कंपनीत पैसे गुंतवून अफाट संपत्ती मिळवली. २०१५ साली तिने अपार्थाइडला दिलेल्या पाठबळाबद्दल जाहीर क्षमाही मागितली.

दुसरीकडे १९०२ मध्ये निघालेल्या खाणकामगारांच्या संघटनेने 'सॉलिडॅरिटी' असे नवे रूप घेऊन १९३० च्या दशकाचाच आराखडा पुन्हा मांडला. मदतनिधी, तंत्रशाळा, आफ्रिकान्स माध्यमाचे खासगी विद्यापीठ, आणि २००६ पासून 'आफ्रिफोरम' ही नागरी संस्था. तिचे सभासद तिच्याच सांगण्यानुसार तीन लाखांवर आहेत. फरक इतकाच की आता सरकार हाती नाही. म्हणून झगडा न्यायालयात. २०२५ साली अमेरिकेने आफ्रिकानरांना निर्वासित म्हणून आश्रय देऊ केला तेव्हा ह्या संघटनांनीही आपण येथलेच, येथेच राहणार, असे सांगितले. ह्या उत्तराचे मोल त्यांच्या विरोधकांनीही नाकारू नये.

खरी लढाई विद्यापीठांत आहे. प्रिटोरिया, ब्लूमफाँटेन, स्टेलनबॉश ही विद्यापीठे एकामागून एक इंग्रजीकडे वळली. कारण सांगितले गेले ते असे की आफ्रिकान्स वर्गात बहुतेक गोरी मुले आणि इंग्रजी वर्गात काळी, म्हणजे भाषेच्या आडून जुनीच विभागणी. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. पण २०११ च्या जनगणनेत आफ्रिकान्स ही मातृभाषा सांगणारे सुमारे अडुसष्ट लाख लोक होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक गोरे नव्हते. त्यांतल्या गरीब, मिश्रवंशीय, खेड्यातल्या मुलीला इंग्रजी विद्यापीठ कितपत उघडे आहे, हा प्रश्न तितकाच खरा आहे. शिवाय तिच्या वतीने बोलायला उभे राहणारे संघ बहुतेक त्याच लोकांचे, ज्यांच्या वाडवडिलांनी तिच्या वाडवडिलांना डिस्ट्रिक्ट सिक्समधून काढले. २००८ साली स्थापन झालेल्या भाषापरिषदेने सर्व वर्णांच्या भाषकांना एकत्र आणण्याचा प्रयत्न चालवला आहे. तिचा मार्ग अवघड आहे, कारण आफ्रिकान्स बोलणारा प्रत्येकजण स्वतःला आफ्रिकानर म्हणवीत नाही, आणि म्हणवून घेण्याची त्याची इच्छाही नाही.

स्टेलनबॉश व ब्लूमफाँटेनच्या वादांत घटनात्मक न्यायालयाने विद्यापीठांची बाजू मान्य केली. २०२१ च्या सप्टेंबरात मात्र टपालाने शिक्षण देणाऱ्या युनिसा विद्यापीठाच्या प्रकरणात आफ्रिफोरमचा विजय झाला. आफ्रिकान्स माध्यम ज्या रीतीने बंद केले ती रीत घटनाबाह्य ठरली. निकाल लिहिला न्यायमूर्ती मजीट ह्यांनी. ही भाषा केवळ गोऱ्यांची आणि जुलमाची, ह्या समजुतीचा त्यांनी त्यात समाचार घेतला आणि तिच्या कृष्णवर्णीय भाषकांचा व मिश्र उगमाचा इतिहास मांडला. पार्लच्या मंडळाने १८७५ साली जो इतिहास दाराबाहेर ठेवला होता, त्याच्या आधाराने त्या मंडळाच्या वारसांच्या पदरात हा निकाल पडला.